कोणत्याही कोशात नसलेला शब्द

आमच्या कार्यालयात शब्दाला जन्मदाखला लागतो. एक कागद, कागदावर तारीख आणि तारखेजवळ कुणाचं तरी नाव. या तीन गोष्टी नसतील तर तो शब्द अख्खं शहर बोलत असलं तरी आमच्या लेखी तो जन्मलेलाच नाही.

आम्ही इंग्रजीतल्या चालू, उनाड, पोरासोरांच्या तोंडच्या शब्दांचा कोश करतो. प्रत्येक शब्दाचं एक जाड कार्ड. वर टाइपरायटरवर टाइप केलेला इंग्रजी उतारा, खाली हाताने लिहिलेला आपल्या भाषेतला अर्थ, मग शब्द मुळात कुठून आला ते, आणि सगळ्यात शेवटी ‘आपल्याकडचा पहिला लेखी पुरावा’. कॉम्प्युटर आहेत, पण आमच्या मुख्य संपादकांचा कार्डांवर जीव आहे. त्यांना आम्ही पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण त्यांनी तोंड उघडलं की चर्चा संपते.

मी तिथे सव्वीस वर्षं आहे. ‘पुरावा काय?’ हे मी घरीदारी इतक्यांदा विचारलंय की भाजीवालासुद्धा ‘आजचीच आहे ताई’ म्हणताना माझी नजर टाळतो. स्वभाव तापट आहे हे मला मान्य आहे. त्याचा पुरावा मागायची गरज नाही, माझ्या घरात दोन साक्षीदार आहेत: पंधरा वर्षांची लेक, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई.

त्या सोमवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसले होते. शुक्रवारी दुपारी आमचा गठ्ठा छापायला जाणार होता आणि एकदा छापला की पुढची दहा वर्षं त्याला हात लावता येणार नव्हता. हातात ‘सस’ या शब्दाचं कार्ड होतं. हल्लीची मुलं उठसूट वापरतात तोच. मित्र उशिरा आला, सस. मास्तर हसले, सस. मी अर्थ लिहिला होता, ‘संशयास्पद, कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटायला लावणारा’. आणि उगमापुढे लिहिलं होतं, ‘अंतराळयानातल्या एका मोबाइल गेमवरून, अलीकडचा’.

“हे कुणी सांगितलं?” आई माझ्या खांद्यावरून वाचत होती.

“मी,” भिंगरी म्हणाली. “त्या गेममध्ये सगळे एकमेकांना सस म्हणतात ना, आजी. तिथूनच आलाय.”

“चूक आहे,” आई म्हणाली. “आम्ही हा शब्द ऑफिसात वापरायचो. तुझी आई दुसरीत होती तेव्हा.”

आई एकतीस वर्षं पोलिसांच्या मुख्य कचेरीत टंकलेखिका होती. भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसले नाही, पण जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट होतं. “आई, पुरावा काय?”

“मी सांगतेय ना.”

“तू सांगून चालत नाही. कागद लागतो.”

आईने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आपल्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. ती कधीच आपटत नाही, म्हणून जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेल्यावर परदेशी कोश उघडून बघितले. खरं तर हे मी आधीच करायला हवं होतं. सव्वीस वर्षं मुरलेली संपादक, आणि उगम विचारला कुणाला, तर मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला! प्रत्येक कोशात तेच निघालं. गेममुळे शब्द जगभर पसरला हे खरं, पण जन्म तिथला नव्हताच. तिकडचे पोलीस संशयाला आणि संशयिताला कित्येक दशकांपासून ‘सस’ म्हणत होते. तोंडात मारल्यासारखं झालं. मी उगमाची ओळ खोडली आणि नवी लिहिली, ‘मूळ पोलिसांच्या बोलीतला’.

म्हणजे आई म्हणत होती ते शक्य होतं. शक्य असणं आणि सिद्ध होणं यांच्यात मात्र आमचं अख्खं कार्यालय उभं असतं. शेवटची ओळ, आपल्याकडच्या पहिल्या पुराव्याची, अजून रिकामी होती.

संध्याकाळी मी घरी येऊन आईची माफी मागितली. माफी मागणं मला जमत नाही, त्यामुळे ती जरा तपासणीसारखीच झाली. “तू बरोबर होतीस. आता सगळं नीट सांग. कुठे वापरायचात, कशावर, कोण वापरायचं?”

आई खुलली. किती तरी दिवसांनी तिला कुणी ऑफिसबद्दल विचारत होतं. “माणसांच्या नोंदींची कार्डं असायची. तुझ्या कार्डांपेक्षा लहान. नाव, पत्ता, वय आणि शेवटी एक रकाना. त्यात माणूस साक्षीदार की संशयित ते लिहायचं. तो रकाना एवढुसा,” तिने दोन बोटांत अंतर दाखवलं, “आणि ‘सस्पेक्ट’ हा इंग्रजी शब्द केवढा लांब. लिहिला की पुढच्या रकान्यावर चढायचा. मग कार्ड फाडा, नवं घ्या. दिवसाला दोनशे कार्डं. फोनवरून शिपाई माहिती द्यायचे, त्यातला एक जण घाईघाईत ‘सस’ म्हणायचा. मी म्हटलं, हे झकास आहे. इंग्रजीत तीनच अक्षरं. बसतात. मग मी तेच टाइप करायला लागले. महिन्याभरात सगळी कचेरी तेच बोलायला लागली.”

“तूच सुरू केलंस?” भिंगरीने मोबाइल खाली ठेवला. हे आमच्या घरात क्वचित घडतं.

“बोलणारे ते होते. कागदावर आणलं मी.”

“आणि कार्डाखाली तुझी सही?” मी विचारलं.

“टंकलेखिकेची सही कुठे असते? खाली डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं. सांगणाऱ्याची मोठ्या लिपीत, मग तिरकी रेघ, मग टाइप करणाऱ्याची छोट्या लिपीत.”

हे मला माहीत होतं. लहानपणी आई घरी आणायची त्या रद्दी कागदांच्या पाठीवर मी चित्रं काढायचे. उलटून बघितलं की डाव्या कोपऱ्यात ती दोन इवलीशी अक्षरं हमखास असायची. वर कुणाकुणाच्या झोकदार सह्या. साहेब बदलत गेले, मोठी अक्षरं बदलत गेली, छोटी दोन तीच राहिली. एकतीस वर्षं आईने इतकं लिहिलं आणि तिचं नाव कशावरच नाही, याचा मला तेव्हाही राग यायचा.

बुधवारी मी पोलिसांच्या अभिलेख विभागात फोन केला. तिथल्या बाईंनी फार आपुलकीने सांगितलं की ती कार्डं बावीस वर्षांपूर्वीच लगद्यासाठी गेली. “सगळी?” “सगळी, मॅडम. आम्हाला जागा नव्हती.” मी फोन ठेवला. मग पूर्णविरामांकडे गेले. त्यांनी कार्ड वाचलं, रिकामी ओळ बघितली आणि म्हणाले, “तुमच्या मातोश्रींचा शब्द मला मान्य आहे. कोशाला मान्य नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत कागद मिळाला तर लावू. नाहीतर ओळ काढून टाकू.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. “कार्डं गेली. पण कार्डच हवं असं नाही. कुठलाही कागद चालेल. एखादी चिठ्ठी, पत्र, अगदी कुणी तुला त्या शब्दावरून झापलं असेल तर तो मेमोसुद्धा चालेल.”

आईचा हात थांबला. “नाही तर नाही,” ती म्हणाली. “जाऊ दे. तशीच पाठव तू तुझी ओळ.”

“जाऊ दे? परवा तूच तर हे सगळं काढलंस!”

“एवढं काय त्या एका शब्दात? माझं काय अडलंय?”

तिने निवडलेली भाजी परत निवडायला घेतली. भिंगरी तिच्याकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. “आई,” ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “आजी आता फारच सस वागतेय.”

गुरुवारी आई दिवसभर आपल्या खोलीतच होती. तिच्या खोलीत खिडकीशी एक टाइपरायटर आहे. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा तिचंच यंत्र तिने लिलावात घेतलं. त्याच्याखाली एक जाड हिरवी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची, गादी आहे, आवाज कमी व्हावा म्हणून. ते यंत्र कुणी हलवलेलं तिला चालत नाही. मी एकदा धूळ पुसायला उचलायला गेले तर अशी ओरडली होती की मी परत त्या वाटेला गेले नाही. गुरुवारी संध्याकाळी मी तिला चहा द्यायला गेले तेव्हा ती त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, बरं आहे, कप ठेव आणि जा.

शुक्रवारी सकाळी साडेअकराला आमच्या ऑफिसच्या पहारेकऱ्याने आत फोन केला. “मॅडम, एक आजी आल्यात. म्हणतात, पुरावा आणलाय.”

मी धावतच बाहेर गेले. आई उभी होती, इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, काखेत जुनी ऑफिसची पर्स. दोन बस बदलून आली होती. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “तुझ्याकडे नाही देणार. तुझ्या साहेबांकडे देणार.”

पूर्णविराम खुर्चीतून उठून उभे राहिले. आईने पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. पिवळा पडलेला, एका बाजूने हिरवट. नमद्याचा रंग लागला होता. तेव्हा मला कळलं की त्या यंत्राला हात का लावायचा नाही.

साहेबांनी चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मूळ इंग्रजी होतं, ते आम्हाला अर्थ सांगत गेले. सेहेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. कार्यालयीन समज. “नोंदकार्डांवर ‘सस’ असा शब्द वारंवार आढळला आहे. हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नाही. संबंधित टंकलेखिकेने तो स्वतःच्या मनाने वापरून सरकारी नोंदींची प्रतिष्ठा घालवली आहे.” इथे ते थांबले. त्यांच्या मिशा हलत होत्या. ते हसू दाबत होते हे सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा बघत होते. “कोणत्याही शब्दकोशात नाही! अहो, यापेक्षा चांगला पुरावा आयुष्यात मिळणार नाही मला.”

“पुढे वाचा,” आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

त्यांनी वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. “सदर निष्काळजीपणामुळे यांचं नाव प्रमुख टंकलेखिकेच्या पदासाठी यापुढे विचारात घेतलं जाणार नाही.”

मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

हे सांगायलाच हवं की आमच्या घरात एक गोष्ट मी जन्मभर ऐकत आले. आईला प्रमुख टंकलेखिकेचं पद मिळत होतं, पण मी लहान होते, मला सांभाळायचं होतं, म्हणून तिने ते नाकारलं. परीक्षेत कमी गुण पडले की मावशी म्हणायची, “तुझ्यासाठी तिने पद सोडलं, आणि तू हे दिवे लावलेस?” लग्न ठरताना हेच, नोकरी लागताना हेच. मी या त्यागाखाली वाकून मोठी झाले. पोरीच्या शाळेच्या कार्यक्रमाला सुट्टी घेताना मला वाटायचं, आईने पद सोडलं आणि मी साधा अर्धा दिवस मागायला दहादा विचार करतेय. सगळं खोटं होतं. पद तिने सोडलंच नव्हतं, तीन अक्षरांपायी ते तिच्या हातून गेलं होतं.

डोक्यात तिडीक गेली. साहेबांसमोरच मी म्हणाले, “आई, तू मला सेहेचाळीस वर्षं…”

“हो,” ती म्हणाली. “लाज वाटत होती गं. घरी येऊन काय सांगणार होते? चुकीचं टाइप केलं म्हणून पद गेलं? पहिल्यांदा तुझ्या मावशीला सांगितलं की पोरीसाठी सोडलं. तिने चार जणींना सांगितलं. मग मला परत फिरता येईना. आणि खरं सांगू, ऐकायला बरंही वाटायचं. तुझ्यावर त्याचं ओझं पडतंय हे मला दिसत होतं. दिसत असून मी गप्प बसले. ते त्या मेमोपेक्षा वाईट केलं मी.”

मला खूप काही बोलायचं होतं आणि ते सगळं रागाचं होतं. पण ती दोन बस बदलून आली होती. घरी, दार लावून, मला एकटीला दाखवू शकली असती. तिने परक्या माणसासमोर, माझ्या साहेबांसमोर, स्वतःच्या अपमानाचा कागद टेबलावर ठेवला, का तर मला तो हवा होता. आणि अचानक माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. माझ्यासाठी कुणी काही सोडलेलं नव्हतं! मला हसू फुटलं. रडू पण आलं, पण आधी हसू.

“मावशीला मी सांगणार आहे हं,” मी म्हणाले.

“मीच सांगते,” आई म्हणाली. “तिला तुझ्याकडून कळलं तर तिला झीट येईल.”

पूर्णविराम इतका वेळ कागदाच्या तळाशी बघत होते. “एक विचारू? हा मेमो तुमच्या साहेबांनी सांगितला. ही डाव्या कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं. रेघेच्या पुढची ही छोटी अक्षरं कुणाची?”

“माझी.”

“म्हणजे तुमची समज तुम्हालाच टाइप करायला लावली?”

“त्या दिवशी दुसरी टंकलेखिका हजर होती कुठे? ते फेऱ्या मारत सांगत होते, मी टाइप करत होते. व्याकरणाच्या दोन चुका केल्या त्यांनी. मी दुरुस्त केल्या. नाहीतर त्याबद्दल पण मलाच समज मिळाली असती.”

साहेबांनी कागद दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद परत ठेवला. मग त्यांना कामाची आठवण झाली आणि चेहरा नेहमीसारखा झाला. “पुरावा मान्य. पण एक अडचण. आमच्या नियमाने पुराव्यापुढे सही करणाऱ्याचं नाव जातं. म्हणजे त्या अधिकाऱ्याचं.”

“वा!” मी म्हणाले. ऑफिसात मी साहेबांशी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. “म्हणजे जो म्हणतो की हा शब्दच नाही, शब्द त्याच्या नावावर? आणि जिने तो कागदावर आणला, पद गमावलं, हा कागद जपला, तिचं नाव याही वेळी गायब? असं असेल तर ओळ रिकामी ठेवा, सर. मी माझ्या हाताने ते नाव लिहिणार नाही.”

आईने माझी बाही ओढली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं, आता पूर्णविराम.

“नियम सही करणाऱ्याचा आहे,” ते सावकाश म्हणाले, “कारण शब्द त्याने वापरला असं आपण धरतो. इथे तर त्याने तो वापरल्याचा साफ इन्कार केलाय, लेखी. म्हणजे वापरणारी व्यक्ती एकच उरते.” त्यांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं. “आमची टाइप करणारी मुलगी आज रजेवर आहे. दुपारी गठ्ठा जायचाय. मातोश्री, तुमचा हात अजून चालतो का?”

आई कोपऱ्यातल्या टाइपरायटरपाशी जाऊन बसली. खुर्ची जरा पुढे ओढली, पाठ ताठ केली, कार्ड घातलं, कडा जुळवली. मग त्या खोलीत तो आवाज सुरू झाला, जो ऐकत मी लहानपणी तिच्या कचेरीच्या बाकावर बसून गृहपाठ केला होता. बोटं अजिबात अडखळली नाहीत. मेमोतलं ते वाक्य तिने दुसऱ्यांदा टाइप केलं: हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नाही. तारीख घातली. खाली मी आधी कधीच कागदावर न पाहिलेली गोष्ट आली, तिचं संपूर्ण नाव.

मला वाटलं, झालं. मी कार्ड घ्यायला हात पुढे केला.

“थांब,” आई म्हणाली. तिने यंत्राचा गाडा डावीकडच्या कोपऱ्यावर आणला. सवयच ती. पण या वेळी तिने आधी मोठ्या अक्षरांची कळ दाबून धरली आणि स्वतःची आद्याक्षरं मोठ्या लिपीत उमटवली. मग तिरकी रेघ. मग कळ सोडली आणि पुन्हा तीच दोन अक्षरं, छोटी.

सांगणारी तीच आणि टाइप करणारीही तीच. कार्ड काढून तिने ते उजेडात धरून तपासलं, एकही चूक नव्हती, आणि माझ्या हातात दिलं.